आयर्लंडचे देव आणि आमचा माठ

आप्पा, तुमची नात काल फोनवर विचारत होती, "आजोबांचा तो चाकवाला देव कोण होता गं?" ती नंदुरबारला कॉलेजात आहे. वर्गात कुणीतरी युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांचा विषय काढला आणि हिला आठवलं, मी म्हणायचे की आजोबांना यातलं फार कळायचं. मी पटकन म्हटलं, टारानिस, विजेचा देव, हातात चाक. एवढं बोलून फोन ठेवला आणि मग दिवसभर माझं डोकं तापलेलं राहिलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमचे देव माझ्या जिभेवर तयार बसलेले असतात, याचीच चीड आली.

शाळेत तुम्ही इतिहास शिकवायचात आणि घरी देवांची सोयरीक जुळवायचात. आई चुलीपुढे भाकरी थापतेय आणि तुम्ही पाटावर बसून बोटाने हवेत रेघा ओढताय. आपला इंद्र, ग्रीकांचा झ्यूस, उत्तरेकडचा थॉर, केल्टांचा टारानिस, सगळे एकाच कुळातले. आपल्या सवित्याचा हात सोन्याचा, आयर्लंडच्या नुआदाचा चांदीचा. "देख, हाऊबी आपलाच शे!" म्हणताना तुमचा चेहरा असा फुलायचा, जणू लहानपणी हरवलेला चुलतभाऊच सापडलाय. रविवारी मिरची बाजारात तुमच्या त्या मारवाडी मित्राच्या दुकानात हेच कीर्तन. त्या बिचाऱ्याला ठसका लागायचा, तो डोळे पुसत मान हलवायचा, आणि तुम्हाला वाटायचं, भारावला! मी एकदा विचारलं होतं, आयर्लंडची दनू देवांची आई, मग आपल्या वेदांतली दनू वृत्राची आई कशी? तिकडचे देव ते इकडचे दानव झाले की काय? तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू भाकर खाय." झालं तुमचं संशोधन. आई मात्र तव्यावरून मान वर न करता बोलली होती, "तुन्हा बापले परदेशना देव वळखू येतस, घरना मानसे नही." तुम्ही ते ऐकलंच नाहीत.

सगळ्यांत लाडका तुमचा दाग्दा. ढेरपोट्या, हातात सोटा, आणि त्याच्या कढईपुढून म्हणे कुणी उपाशी उठत नाही. ही कढईची गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की मला ती पाठ होती. म्हणूनच, ऑफिसातल्या ज्या माणसाशी मला लग्न करायचं होतं तो धडगावकडचा पावरा आदिवासी आहे हे घरी सांगताना मी मूर्खासारखी निर्धास्त होते. ज्याला सात समुद्रांपलीकडचा देव भाऊबंद वाटतो, त्याला आपल्याच जिल्ह्यातला, घाट चढला की भेटणारा माणूस परका कसा वाटेल? तुम्ही वर्तमानपत्राची घडी घातलीत आणि म्हणालात, "लोके काय म्हनतीन?" बस. एवढीच तुमची झेप. झ्यूसपासून टारानिसपर्यंत धावणारी अक्कल घाटाच्या पायथ्याशीच फतकल मारून बसली. लग्नाला तुम्ही आला नाहीत. नात झाली तेव्हा आई एकटीच येऊन बाळाला बघून गेली.

आणि मग आलात, पण कशासाठी! नात मोठ्या दुखण्यातून उठली म्हणून माझ्या सासूबाई इंदल देवाचा नवस फेडणार होत्या. जंगलातून कळंबाच्या फांद्या ढोल वाजवत आणायच्या, अंगणात रोवायच्या आणि त्यांच्याभोवती नाचायचं. आईकडून हे तुमच्या कानावर गेलं, आणि पोरगी, जावई, नात यांतल्या कुणासाठी न हललेले तुम्ही एका झाडाच्या फांदीसाठी जीपमध्ये कोंबून घेऊन धडगावपर्यंत आलात. तेही घरचा डबा आणि घरच्या मळ्याचं पाणी घेऊन. घाटातल्या वळणांनी तुम्हाला उलट्या झाल्या, चुळा भरण्यात बाटली संपली. ती निळ्या झाकणाची रिकामी बाटली तुम्ही आमच्या ओट्यावर ठेवलीत. माझा नवरा तांब्या घेऊन समोर उभा राहिला, "आप्पा, पाणी घ्या." तुम्ही हाताने 'नको' केलंत आणि माझ्याकडे वळून विचारलंत, "फांद्या कव्हय येतीन?" त्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आप्पा, त्या क्षणी मला तुमची लाज वाटली, आणि ती अजून तेवढीच ताजी आहे.

ढोल जवळ आले तसे तुम्ही उन्हात धावलात. आमच्या माणसांना थांबवून विचारताय, हीच फांदी का, दुसरी का नाही. "केल्टसनं देवनं झाड ओक, आठे कळंब!" असं मोठ्याने सांगताय, आणि बायका पदराआड हसतायत. ज्या नातीसाठी ती फांदी येत होती ती सासूबाईंच्या कडेवर होती, आणि तुम्ही तिच्या बाजूने फांदीकडे गेलात. मी घरात गेले, माठातलं पाणी तुमच्या बाटलीत भरलं, झाकण लावलं आणि बाटली होती तिथे ठेवून दिली. तुम्ही घामाघूम होऊन परत आलात, बाटली उचललीत आणि घटाघटा प्यालात. तोंड पुसून म्हणालात, "पानी ते आपला मळानं! आठलं माले पचाव नही." माझा नवरा हसू दाबत गोठ्याकडे गेला. मी मनात म्हटलं, देवांच्या सात पिढ्या ओळखणाऱ्याला स्वतःची रिकामी बाटली ओळखता येत नाही. ही गोष्ट मी नंतर सगळ्यांना सांगितली, अगदी आईलाही. सांगताना तुमची नक्कल करते, लोक पोट धरून हसतात.

पण मी ती नेहमी तिथेच थांबवते. पुढचं कुणाला सांगितलेलं नाही. संध्याकाळी जीप आली, तुम्ही पिशवीत डबा टाकलात आणि बाटली माझ्यापुढे धरलीत. म्हणालात, "घाट लांब शे. भरी दे." त्या घरात माठ एकच होता, आप्पा, आणि तो तुमच्या डोळ्यांसमोर होता. मी त्यात तांब्या बुडवला, तुमच्या देखत बाटली भरली. तुम्ही ती घेतलीत, नातीच्या डोक्यावर ओझरता हात ठेवलात आणि जीपमध्ये बसलात. त्यानंतर तुम्ही कधी आला नाहीत.

हे पाठवायला पत्ता नाही, ते बरंच आहे. नातीलाही मी ती गोष्ट हसण्यापर्यंतच सांगेन. पुढचं सांगितलं की माझा राग निम्मा होतो, आणि मला तो अजून पुरता हवा आहे.