हळदीचा पहिला हात

नगर
ता. ८ मे १९७३

ती. आक्काबाई यांस,

धाकट्या जावेचा, मालनचा, शिरसाष्टांग नमस्कार. तुमचं कार्ड पोचलं. काष्टीला टँकर वेळेवर येतो का? थोरल्या भाऊजींचा खोकला कसा आहे?

परवा लंकाबाईनं मला ओढून सिनेमाला नेलं. लंकाबाई म्हणजे आमच्या बाळंतपणाच्या वॉर्डातली दुसरी आया. लष्कराच्या छावणीजवळ इंग्रजी सिनेमा लागलाय, भीतीचा. विलायतेत फार पूर्वी खरंच एक राणी होऊन गेली म्हणे, तिच्यावरून काढलेला. नवरा मेलेली, वय उतरलेली बाई. तरण्या पोरी मारायची, त्यांच्या रक्तानं अंघोळ करायची आणि पुन्हा तरणी व्हायची. लंकाबाईनं तोंडात पदर कोंबला. मला भीती नाही वाटली, राग आला. सगळ्या गावाला संशय, पण राणीला कोण बोलणार? ही विधवा, हिचा हात अशुभ, असं एकानंही म्हटलं नाही.

मला मात्र म्हणालात. हे गेले त्याला वर्ष झालं होतं. तुमच्या छबूची हळद होती. मी वाटीत बोटं घातली आणि तुम्ही चारचौघींत माझं मनगट धरलंत. "मालन, आत जा. पोरीचं वाटुळं करतीस व्हय?" मी कणगीमागे बसून राहिले. तुमचा राग नाही आला, आक्काबाई. मला ते पटलं, याचीच आता लाज वाटते. तेरा वर्षं सणावाराला पोटच्या साळूची वेणीसुद्धा मी शेजारणीकडून घालून घेतली.

आता कार्डात लिहिता, साळूला हळद तुम्ही लावाल, मी खोलीत बसावं.

बसणार नाही.

माझ्या हातांना रोज रक्त लागतं, ते बाळंतिणींचं. तुमची सून अडली तेव्हा हेच हात धरून तुम्ही रडलात, "मालन, तू तिच्याजवळून हलू नगंस." डॉक्टरीणबाईंनी सोडवलं, पण तुमच्या नातवाची पहिली अंघोळ या हातांची. तेव्हा ते चालले. पोरगा अंगणभर धावतोय ना?

कन्यादान तुम्ही आणि भाऊजींनी करा, तो मान तुमचाच. हळद मी लावणार. साळूला विचारलं, तर म्हणाली, "आई, पयला हात तुजा. न्हाईतर मला हळदच नगं."

रविवारी सकाळच्या एसटीनं येते. हळकुंडं मीच जात्यावर दळून आणते. मनगट धरायचं तर खुशाल धरा, या खेपेला सोडवून घेईन. तुम्ही वाटी तेवढी घासून ठेवा.

तुमची धाकटी जाऊ,
आणि नवरीची आई,
मालन