शेवटचा पॉइंट साहेबाचा

६ जानेवारी, अमरावती

चष्म्याच्या आत बाबा आहेत.

आज पूर्ण खेळ पहिल्यांदा चालवून पाहिला. व्हीआरचा चष्मा डोळ्यांवर चढवला. समोर हिरवं कोर्ट, जाळी, पलीकडे एक उंच, गोरा प्रशिक्षक. चेहरा कुणाचाच नाही, पुण्याच्या चित्रकाराने काढलेला. मग तो चालला. डावा पाय किंचित ओढत. चेंडू उचलून मांडीला दोनदा पुसला.

मी चष्मा काढला. हॉल. ट्यूबलाइट, खुर्च्या, नितेशची पाण्याची बाटली. पुन्हा घातला. बाबाच!

मला ठाऊक होतं, हे खरं. डिसेंबरात मीच त्यांना अकोल्याहून आणलं. सेन्सर लावलेला काळा पोशाख घालून ते दोन दिवस नितेशशी खेळले. नितेश इथला कोच. बाबा कसे हलतात, कोणता चेंडू कुठे टाकतात, सगळं यंत्राने उतरवून घेतलं. नवशिक्यांना शिकवणारा माणूस हवा होता. बाबा अकोल्याच्या अधिकाऱ्यांच्या क्लबात एकतीस वर्षे मार्कर आहेत. साहेब लोकांशी टेनिस खेळायचं, त्यांना शिकवायचं, याचा पगार.

क्लब एप्रिलपासून मार्कर ठेवणार नाही. हा खेळ चालला तर कंपनीचे मालक गोपाल सर बाबांना इथे घेतील. मला घेतलंच आहे – यंत्रातली मराठी वाक्यं लिहायला.

ठाऊक असणं वेगळं, पाहणं वेगळं.

१३ जानेवारी

नवशिक्यांची पहिली तुकडी, बारा जण. बाराही जण यंत्राला हरवतात! रागिणीताई बँकेतून निवृत्त झाल्या, आयुष्यात रॅकेट धरली नव्हती. आज चष्मा काढला तेव्हा गाल लाल झालेले. म्हणाल्या, लग्नाआधी कोणी शिकवलं असतं तर आज टीव्हीवर दिसले असते.

सर खूश. मीही.

१५ जानेवारी

आज सगळ्यांना खऱ्या कोर्टावर नेलं. नितेश अगदी हळू चेंडू देत होता. बारा जणांत एकालाही एक गेम मिळाला नाही. रागिणीताईंचे चार वार हवेत गेले, पाचवा स्वतःच्या घोट्यावर. बाकावर बसून घोटा चोळत मला म्हणाल्या, "चष्म्यातला मास्तर खोटारडा हाये तुमचा."

त्यांना माहीत नाही तो कोण आहे.

मी बर्फ आणायला गेले. परत यायला वेळ लावला.

१६ जानेवारी

दिवसभर चूक शोधली. सरांनी दोनशे चौदा गेम एकापुढे एक लावून पाहिले. यंत्र सुरुवातीला नीट खेळतं. अवघड चेंडूही देतं. पण शेवटचा पॉइंट आला की समोरच्याच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, सोपा चेंडू. तो परत आला की स्वतःचा फटका जाळीत. दर वेळी. दोनशे चौदा वेळा!

सर विचारत होते, हे कोडमध्ये नेमकं आहे कुठे.

"कोडमध्ये नाई सर," नितेश म्हणाला. "मार्करमध्ये हाये."

तो हसला. मग माझ्याकडे पाहिलं आणि थांबला. सर स्क्रीन बंद करायला उठले. नंतर म्हणाले, दुसरा माणूस पाहावा लागेल.

१९ जानेवारी, अकोला

बाबांना विचारलं. ते रॅकेटची मूठ नव्याने गुंडाळत होते. हात थांबला नाही.

"साहेबाले बॉल चारा लागते, बाई. पाखरू पिलाले चारते तसा. चोचीतच."

आणि शेवटचा पॉइंट साहेबाचा. साहेब खुशीत हापिसात जातो. पण हरायचं असं की त्याला कळता कामा नये. त्यांनी हाताने दाखवलं: चेंडू जाळीच्या वरच्या पांढऱ्या पट्टीला लागला पाहिजे. त्याच्या खाली गेला तर साहेब ओळखतो. पट्टीला लागला तर म्हणतो, बॅड लक, देवमन. ही पट्टी साधायला त्यांना दोन वर्षे लागली.

एकतीस वर्षे! मी शाळेतून येताना कुंपणापलीकडे उभी राहून पाहायची. मला वाटायचं, बाबांचं नशीब वाईट.

विचारलं, मनात आणलं तर जिंकता येईल? पुन्हा रेकॉर्डिंग करता येईल. नोकरी मिळेल.

"मालूम नाई," म्हणाले. "केलं नाई कधी."

२२ जानेवारी, अमरावती

सगळं उलटलं. बारापैकी अकरा जणांनी पुढच्या महिन्यासाठी नाव नोंदवलं. रागिणीताईंनीसुद्धा. त्यांना कोर्ट नको आहे, चष्मा हवा आहे. सरांचे डोळे चमकत होते. म्हणाले, नवशिक्याला जिंकू देणं ही चूक नाही, हाच खेळ. याला कुणी हात लावायचा नाही. नाशिकला, नागपूरला, सगळीकडे हाच माणूस जाईल. बाबांना पक्की नोकरी. हालचाली कायमच्या कंपनीकडे. कराराची मराठी मीच केली.

लगेच फोन लावला. आनंदाने वाचून दाखवलं. 'कायमच्या' हा शब्दही वाचला, अडखळले नाही. पलीकडे क्लबातला रोलर ओढल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"म्हंजे मी मेल्यावरबी हारतच राहीन?"

२३ जानेवारी

करारातल्या 'कायमच्या'ला दुसरा शब्द शोधत बसले. मराठीत एम.ए. आहे मी.

२७ जानेवारी

बाबा आले. सही करायला आले असं सरांना वाटलं. बाबांनी काळा पोशाख मागितला, चढवला, यंत्र सुरू करवलं. नितेश रॅकेट घेऊन उठला, त्याला बसायला सांगितलं. जाळीपलीकडे मला उभं केलं.

सोळाव्या वर्षी मी बाबांना हरवलं होतं. आजवर भेटलेल्या प्रत्येकाला हे सांगितलं आहे.

मी जीव तोडून खेळले. सहा-शून्यने हरले. एकवीस मिनिटं.

त्यांनी पोशाख उतरवला, घडी घातली, सरांच्या टेबलावर कराराशेजारी ठेवला.

"आजचं ठेवा," म्हणाले. "ते पुसा."