पहिलीच्या पोरांना पडायला शिकवताना

लोम,
मार्चचा पहिला आठवडा

ती. स्तोयान्काताईस,

धाकट्या झाहारीचा वाकून नमस्कार. (पाठ देते तितकाच वाकलोय, उरलेला मनातून समजून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला थांबला, की अजून राकियाच्या कडक घोटांनीच छाती शेकणं चाललंय? तुमच्या प्लोवदिवला म्हणे बदाम फुललासुद्धा. इथे डॅन्यूबवरून असा वारा सुटलाय की रात्री वाळत घातलेली माझी पँट सकाळी दोरीवर आपल्या पायांनी उभी असते. बाकी मी मजेत. म्हणजे मजेत नाही, पण तुला काळजी वाटावी असंही काही नाही. पाठीचं पुढे येईलच.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस की निवृत्तीनंतर वेळ कसा जातो. ताई, तो पळतो. त्याच्यामागे पहिलीतली पोरं पळतात आणि त्यांच्यामागे मी. झालं असं की आमच्या शाळेचे खेळाचे सर बर्फावर घसरले आणि पाय मोडून घरी बसले. मुख्याध्यापिका वेलिचकोवाबाईंनी मला बेकरीच्या दारात गाठलं. माझ्या दोन्ही हातांत चीज भरलेला गरम बानित्सा होता, त्यामुळे पळायची सोय नव्हती. "झाहारीकाका," म्हणाल्या, "तुम्ही आयुष्यभर कुस्ती शिकवलीत. आठवड्यातून थोडा वेळ आमच्या पहिलीला द्या. नुसतं खेळवायचं. मुलांच्या भावनिक स्वास्थ्यासाठी." मला वाटलं, सर्दीपडशाबद्दल बोलतायत. मी म्हटलं, "लसूण द्या, बरं वाटेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आपली आई आठवली. मग नीट समजावून सांगितलं. वर्गातल्या निम्म्या पोरांचे आईबाप कामासाठी जर्मनीला नाहीतर स्पेनला, पोरं आजीआजोबांकडे. कोणी मारतं, कोणी रडतं, कोणी बोलतच नाही. दिवसभर बाकावर बसून सगळं आत दाबून ठेवतात. "आतलं बाहेर यायला अंग हलावं लागतं, काका. हे तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार?" झालं. कोणी स्तुती केली की मी अर्धा चीत होतो, हे तुला ठाऊकच आहे.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना रांगेत उभं केलं. ताई, माझा सगळा जन्म मानेऐवजी खांदेच असलेल्या रेड्यांना हाकण्यात गेला. माझ्या आवाजाला दुसरी पट्टी नाही. "सावधान!" म्हणून ओरडलो, तर एकाची चड्डी ओली झाली, दोघी रडायला लागल्या आणि ओग्न्यान नावाच्या एका लालबुंद कानांच्या पोराने मला कडक सलाम ठोकून पुढच्याला लाथ घातली. मग शर्यत लावली. शेवटचा आला तो भोकाड पसरून बसला. पहिला आला तो सगळ्यांना वाकुल्या दाखवत फिरला. ओग्न्यान दुसरा आला आणि पहिल्याच्या दंडाला चावला. (सवयीने माझा हात वर गेला. आमच्या खेळात चावलं की बाद करतात. पण पहिलीतल्या पोराला बाद करून पाठवायचं कुठे?) पळायला लावा, हरायला लावा, की पोरं आपोआप घट्ट होतात, अशी माझी समजूत होती. पोरं घट्ट वगैरे काही झाली नाहीत. माझाच घसा तेवढा बसला.

आणि एक मुलगी बाकावरून उठलीच नाही. राइना तिचं नाव. हॉल तापवलेला, बाकीची पोरं घामाघूम, आणि ही निळा जाड कोट घालून हनुवटीपर्यंत बटणं लावून बसलेली. मी हुकूम सोडला. मग विनवणी केली. मग चॉकलेट पुढे केलं. तिने ते घेतलं, खिशात ठेवलं आणि पुन्हा जिथल्या तिथे. शाळा सुटल्यावर फाटकापाशी तिची आजी भेटली. मी जरा तक्रारीच्याच सुरात म्हटलं, "नात कोट काढत नाही हो तुमची." म्हातारी म्हणाली, "नाताळ झाल्यावर तिची आई जर्मनीला गेली. बसमध्ये चढताना म्हणाली होती, 'बटणं लावून राहा गं, सर्दी होईल.' तेव्हापासून झोपतानाच काय तो काढते. माझं बाकी काही ऐकत नाही. तेवढं एक आईचं ऐकते." घरी येऊन सूप गरम केलं आणि तसंच ठेवून दिलं.

(सूप वाया गेलं नाही, दुसऱ्या दिवशी खाल्लं. तू लगेच लिहिशील म्हणून सांगितलं.)

त्या दिवशी मी माझ्याच धंद्याचा जरा विचार केला. नवा पोरगा आखाड्यात आला की पहिले काही महिने आपण त्याला डाव शिकवतो का? नाही. पडायला शिकवतो. ज्याला पडता येत नाही, त्याला पडायची भीती वाटते; आणि भ्यायलेला पैलवान एकतर पळतो, नाहीतर चावतो. म्हणजे ओग्न्यान. मग मी हॉलमागच्या सामानाच्या खोलीत धूळ खात पडलेल्या जुन्या गाद्या ओढून काढल्या आणि पोरांना सांगितलं, "आजपासून शर्यत बंद. आज आपण पडणार." हनुवटी छातीशी, पाठ गोल, हाताने गादीवर सणसणीत थाप, घशातून मोठी डरकाळी, आणि उठायचं. मी टाळी वाजवली की पळता पळता सगळ्यांनी पडायचं. यात पहिला नाही, शेवटचा नाही. ताई, काय सांगू! ज्यांना घरी दिवसभर 'पडशील, पडशील' एवढंच ऐकायला मिळतं, त्यांना कोणीतरी 'पड' म्हटलं. हॉल नुसता दणाणला. सगळ्यांत सुरेख पडला ओग्न्यान. धापा टाकत येऊन मला म्हणाला, "आजोबा, राग आला तरी असंच पडायचं?" मी म्हटलं, "असंच. गादीला हवं तितकं मार, ती मनाला लावून घेत नाही."

याचे परिणाम थोडे दूरवर गेले, हे मान्य करतो. वर्गशिक्षिका कालिनाबाईंनी सांगितलं, की गणिताच्या तासाला ओग्न्यानचं खोडरबर कोणीतरी लपवलं. सगळे श्वास रोखून बसले, आता हा कोणाला चावतो म्हणून. तो उठला, कोपऱ्यात गेला, व्यवस्थित हनुवटी आत घेऊन पडला, फरशीवर थाप मारली, डरकाळी फोडली आणि परत येऊन बेरजा करायला लागला. पण दुसऱ्या एका पोराने किराणा दुकानात, भर रांगेत, बिस्किटं मिळाली नाहीत म्हणून तोच प्रयोग केला, आणि त्याची आजी पिशवीसकट माझ्या दारात. "तुम्हीच ना ते, आमच्या नातवाला लोळायला शिकवणारे?" मी म्हटलं, "बाई, आधी लोळून किती वेळ रडायचा?" ती विचारात पडली. "अर्धी सकाळ." "आणि काल?" "उठला आणि पिशवी धरली माझी," म्हणाली, आणि रागावलेलीच परत गेली. पण दुसऱ्या दिवशी ल्युतेनित्साची बरणी पाठवली, घरच्या भाजलेल्या मिरच्यांची. (तुझ्यासारखी नाही. जरा जळकी आहे.)

राइना मात्र बाकावरच होती. पण आता ती बघायची. टाळी वाजली की कोटाच्या आत तिची हनुवटी खाली जायची, एवढं माझ्या नजरेने टिपलं होतं. मी तिला काही म्हणायचं सोडून दिलं होतं.

आणि मग पंधरवड्यापूर्वी शाळेच्या तपासणीवाल्या बाई आल्या. त्या यायच्या होत्या जेवणानंतर, आल्या आधीच. आम्ही हॉलमध्ये होतो, पोरं पळत होती. मी टाळी वाजवायच्या आत राइना बाकावरून उठली, सरळ गादीच्या मधोमध आली आणि कोटासकट पडली. ताई, चुकीला जागा नाही असं पडणं! हनुवटी आत, पाठ गोल, थाप मोठी. फक्त ती उठली नाही. आधी आवाज नव्हता. मग खोल विहिरीतून जड बादली वर यावी, तसं हळूहळू रडू वर आलं. आखाड्यात कोणी रडलं तर 'जा, तोंड धुऊन ये' यापलीकडे मला काही म्हणता आलेलं नाही. निदान शेजारी बसावं म्हणून गुडघा टेकायला गेलो आणि पाठीत अशी कळ आली की मी तोडलेल्या ओंडक्यासारखा तिच्याशेजारी आडवा. (हनुवटी बाहेर, थाप नाही, डरकाळी नाही. माझ्या जुन्या शिष्यांना कळू देऊ नकोस.) ओग्न्यानला वाटलं, हा नवा खेळ. तोही पडला. मग सगळेच. कोणी हसत होतं, कोणी राइनाचं ऐकून रडत होतं, कोणी नुसतं छताकडे बघत होतं.

राइनाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही का पडलात?"

"पाठ धरली."

"दुखतंय?"

"खूप."

"मग रडा की."

रडलो नाही गं. डोळ्यांतून पाणी आलं ते पाठीमुळे. ती म्हणाली, "आईचा फोन रविवारी येतो. मी रडले की ती पण रडते. म्हणून मी रविवारी रडत नाही." मी विचारलं, "मग कधी रडतेस?" तिने थोडा विचार केला. "आज," म्हणाली.

नेमकं तेव्हाच दार उघडलं. वेलिचकोवाबाई, आणि त्यांच्यामागे तपासणीवाल्या बाई. समोर पहिलीचा अख्खा वर्ग आडवा, आणि मध्ये हा म्हातारा. वेलिचकोवाबाईंचा चेहरा दह्यासारखा पांढरा. "हा कुठला उपक्रम?" पाहुण्या बाईंनी विचारलं. मी जमिनीवरूनच म्हटलं, "पडणं." "आणि उठणं?" "ते आज मला जमेलसं दिसत नाही." यावर राइना उठली. एक एक करून कोटाची बटणं सोडली, कोट काढला, त्याची घडी केली आणि माझ्या मानेखाली सरकवली. मग ओग्न्यानने एक हात धरला, बाकीच्यांनी दुसरा, आणि रस्सीखेच करावी तसं मला भिंतीला टेकवून बसवलं. माझ्या पाठीतून जो आवाज निघाला त्याने पोरं खूश झाली. पाहुण्या बाई काही लिहून घेत नव्हत्या, म्हणून मी घाबरलो होतो. पण जाताना त्या दारात थांबल्या, वेलिचकोवाबाई पुढे गेल्याची खात्री करून घेतली आणि हळूच विचारलं, "हनुवटी आत म्हणजे नक्की किती आत?"

राइना आता नेहमी खेळते, असं लिहिलं तर ते खोटं होईल. काही दिवशी कोट अंगावर असतो, काही दिवशी बाकावर. पण त्याच रविवारी ती फोनवर रडली. आई तिकडे रडली. मग तिने आईला सांगितलं, की आमचे आजोबा पडले आणि त्यांना उठताच येईना, तर दोघी इतक्या हसल्या की आजीला फोन हातात घेऊन बघावं लागलं, काय झालं म्हणून. कोणाच्या तरी पाठीचा असाही उपयोग.

असो. भावजींना नमस्कार. गुडघ्यांना गरम मिठाची पिशवी लावत जा.

तुझा धाकटा,
झाहारी

ता. क. : खरं तर पत्र लिहायला घेतलं ते याच कामासाठी, पण लाज वाटून खाली ढकललं. पोरांनी विचारलं, आजोबा, तुम्हाला सगळ्यांत पहिल्यांदा कोणी पाडलं? त्यांना वाटलं, कोणी तुर्की पैलवान असेल. मी खरं ते सांगितलं. माझ्या ताईने, तुतीच्या झाडाखाली, सगळ्या शेजाऱ्यांदेखत. कोणाचाच विश्वास बसला नाही. ओग्न्यान तोंडावर थापाड्या म्हणाला. तेव्हा पुढच्या गुरुवारी तू इथे येऊन मला पुन्हा एकदा पाडायचं आहे. वेलिचकोवाबाईंची परवानगी घेतली आहे.

ता. क. २ : गुडघ्यांचं निमित्त सांगू नकोस. तू खांद्यावर हात ठेवून ढकललंस तरी पुरे. पण ढकल खरंखुरं. मी मुद्दाम पडलो तर पोरं ओळखतात.

ता. क. ३ : राइनाने विचारलं, "तुमची ताई लांब राहते?" म्हटलं, हो. "खूप लांब?" म्हटलं, दोन बस बदलून. मग ती बराच वेळ कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिली आणि म्हणाली, "मग येईल?" ताई, तुला न विचारता मी 'येईल' म्हणून बसलोय. सकाळची पहिली बस पकड.