नागिणीची लस

मुलुंड, रविवार

दिशाच्या बाबांना सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्ही ‘बरा आहे’ एवढंच म्हणता, म्हणून लिहायला बसले. दिशा आणि बाळ मजेत आहेत.

काल दिशाने मला नागिणीची लस टोचून आणली. दंड दुखतोय, रात्री थोडी कणकण आली, पण आज भाकऱ्या मीच थापल्या. काळजी नको.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “घरात कुणाला नागीण झाली होती?” मी तुमचं सांगितलं. फोड सुकून वर्ष झालं तरी कमरेला सदरा सोसत नाही, हेही बोलले. त्या म्हणाल्या, “त्यांनाही आणा. पुन्हा होऊ शकते.”

अजून उघड्यानेच झोपता का? थंडी पडलीय ना तिकडे?

लशीने जुनी आग जाणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण पुन्हा ते सारं तुमच्या वाट्याला नको. दोन महिन्यांनी माझा दुसरा डोस आहे, तेव्हा याच. गावात सांगा, बायको सुईला घाबरते, म्हणून जावं लागतंय.

तुमची वाट बघत,
सुलक्षणा