गेटचा दुसरा नंबर

सोमवार, ४ तारीख

आलो एकदाचा लेकीच्या घरी. सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक पिशवी, पण जावयाने ती अशी उचलली, जणू मी अख्खा संसार उचलून आणलाय. गुडघ्यांमुळे मला खालचीच खोली दिली आहे, हॉलला लागून. खिडकीतून अंगण आणि थेट गेटपर्यंत सगळं दिसतं. खारूने घर दाखवलं. खारू म्हणजे माझी नात. सारखं काहीतरी कुरतडत असते म्हणून मीच ठेवलेलं नाव. जिन्याची कुठली पायरी करकरते तेही तिने त्यावर नाचून दाखवलं.

ही वही लेकीने दिली. म्हणाली, बाबा, दिवसभर मनात जे घोळवत बसता ते यात लिहा, म्हणजे मला ऑफिसात सारखे फोन येणार नाहीत. मी चौथीत शाळा सोडलेला, जन्म लाकडाच्या वखारीत गेला, पण अक्षर वाईट नाही.

माझं काम एकच. दुपारी शाळेची गाडी खारूला गेटशी सोडते, तिथपासून लेक येईपर्यंत घरात मी आणि ती. लेकीने बजावलं, गेट कुणालाही उघडायचं नाही. मी म्हटलं, हे मला काय सांगतेस, तुझ्या आईला सांगायला हवं होतं. तिला दारात कुणी ताटकळलेलं बघवायचं नाही. कोण, कुठला, काही न विचारता आधी दार उघडायची. आणि मी कडी काढायच्या आधी समोरच्याची सात पिढ्यांची चौकशी करणारा. दोघंही हसलो. बरं वाटलं.

बुधवार, ६ तारीख

आज गेटचा फोन बसला. फिटर ओठांत स्क्रू धरून बोलणारा, त्यामुळे सगळं दोनदा विचारावं लागलं. गेटच्या खांबावर पत्र्याची डबी, तिला बोलायची जाळी आणि एक बटण. बाहेरच्याने बटण दाबलं की घरातला फोन वाजतो. आपण उचलायचा, कोण काय विचारायचं, पटलं तर फोनवरचं नऊ दाबायचं. टूं असा सूर येतो आणि गेटचं कुलूप खटकन सुटतं. हॉलमधला फोन आणि वरच्या खोलीतला फोन एकाच तारेवर आहेत, कुठूनही दाबा. मी दोन्हीकडून करून पाहिलं. फिटर म्हणाला, आजोबा, पुरे आता, कुलूप दमेल.

घरात कुणी उचललंच नाही तर ती डबी आपणहून दुसरा नंबर लावते. तिकडच्याने उचलून नऊ दाबलं तरी इथलं गेट उघडतं, मग तो माणूस कुठे का असेना. तो नंबर म्हणून लेकीने आपला मोबाइल चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. फिटर म्हणाला, दुसरा नंबर बोला. चिठ्ठी हातात, पण चष्मा कुठे? उशी झटकली, खिसे पाहिले. तो घड्याळाकडे बघायला लागला. गडबडीत मला तोंडपाठ असलेला एकच नंबर तोंडातून निघून गेला. आमच्या जुन्या घरचा.

चष्मा कपाळावर होता. तोवर फिटरची स्कूटर वळलीसुद्धा.

बिघडतंय काय म्हणा. ते घर पाडलं, फोन कापला, आणि तो उचलणारी गेल्या वर्षी गेली. वाजवू दे डबीला कुठे वाजवायचं ते. लेकीला सांगितलं नाही. पोरीला माझ्या भरवशावर ठेवावं की नाही याबद्दल जावयाच्या मनात अजून किंतु आहे. तो बोलत नाही, पण मला कळतं.

शनिवार, ९ तारीख

आंघोळीत असताना फोन वाजत राहिला. ओल्या अंगाने बाहेर आलो तर कुरियरवाला पडवीत खोकं ठेवून परत निघालेला. मी ओरडलो, आत कसा आलास? तो म्हणाला, अहो, आजीबाईंनीच उघडलं की. या, आत या, म्हणाल्या. काय गोड बोलतात हो.

मी म्हटलं, घरात आजीबाई नाहीत. तो म्हणाला, मग तुम्ही बोललात का? आणि हसत गेला.



मंगळवार, १२ तारीख

प्लंबर आला तेव्हा मुद्दामच फोन उचलला नाही. खिडकीत बसून पाहिलं. तो जाळीशी वाकला, हसला, गेट उघडलं. आत येऊन म्हणतो, तुमच्यापेक्षा आजी बऱ्या, तुम्ही तर माणसाला नळापर्यंत पोचू देत नाही.

तो गेल्यावर काठी घेऊन मीच बाहेर गेलो, गेट ओढून घेतलं आणि बटण दाबलं. घरातला फोन वाजून वाजून थांबला. मग डबीत दूरवर दुसरी घंटा. आमच्या जुन्या फोनची, थोडी खोकल्यासारखी. मग ती.

या, आत या.

मी म्हटलं, अगं, मी आहे. पुन्हा तेच, त्याच मायेने, या, आत या. आणि खट. मला ती कधी या म्हणाली नाही. आपल्या माणसाला या कोण म्हणतं? पण आवाज तिचाच. मी उन्हात तसाच उभा राहिलो. डोळे पुसायलाही सुचलं नाही.

कुणाला सांगायचं नाही. नंबर राहू दे.

शुक्रवार, १५ तारीख

रोज जातो. रोज तेवढंच बोलते. पण आज दुपारी मी घरात असताना फोन वाजला. खिडकीतून पाहिलं, गेटशी कुणी नाही. न उचलता ऐकत बसलो. घंटा थांबली, कुलूप सुटलं, गेट एक माणूस आत येईल एवढं उघडलं आणि हळूच मिटलं.

थोड्या वेळाने जिन्याची ती पायरी करकरली.

मग पुन्हा फोन. पुन्हा गेट. पुन्हा पायरी. पावलं वर जाणारीच, खाली येणारी नाहीत.

ती कोण कुठला विचारत नाही. कधीच विचारत नव्हती. तिच्या दारावर आता कोण येत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. सगळ्यांची चौकशी करणारा मी, आणि एवढं मात्र सुचलं नाही.

रविवार, १७ तारीख

जेवताना खारूने विचारलं, आजोबा, वरच्या खोलीतले पाहुणे भिंतीकडे तोंड करून का बसतात? लेक म्हणाली, गप जेव, काहीतरीच बोलतेस. जावयाने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, बाबा, तिला असल्या गोष्टी सांगू नका.

मी काही सांगितलेलं नाही. लेकीला घेऊन वर गेलो. खोली रिकामी. नुसता भिंतीलगत ओलावा, ओळीने. लेक म्हणाली, पाइप गळतोय.

सोमवार, १८ तारीख

फिटरला बोलावून तो नंबर पुसायला लावला. लेकीचा घातला. त्याने आधी जुना लावून पाहिला आणि फोन माझ्या कानाला दिला. मुकी तार. म्हणाला, आजोबा, हा नंबर तर बंदच आहे, इतके दिवस उघडत कोण होतं? मी त्याचे पैसे मोजून हातात ठेवले. तो झटपट आवरून निघाला.

लेकीला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, तेच वाईट. पहिल्या तारखेपासून खारूला पाळणाघरात ठेवायचं ठरलं.

तोवर सांभाळायला हवं. तेवढेच दिवस.

मंगळवार, १९ तारीख

गेट शांत. पायरी शांत. सकाळभर बरं होतं.

मग फोन वाजला, उचलला. गेटवरून. तिचा आवाज, पण आता दूरचा नाही. जाळीला ओठ लावल्यासारखा. म्हणाली, माझा नंबर का काढला? मग मलाच यावं लागलं.

मी रिसीव्हर आपटला. खिडकीत गेलो. गेटशी कुणी नाही. सळ्यांमधून फक्त ऊन.

पुन्हा वाजला. उचलला नाही तर लेकीकडे जाईल, ती कामाच्या घाईत नऊ दाबेल. म्हणून उचलतो आणि बोलत नाही. ती पण बोलत नाही. थांबलेली असते.

बुधवार, २० तारीख

सकाळपासून तेच. लेकीला म्हटलं होतं, आज सुट्टी घे. ती म्हणाली, बाबा, एवढे चार दिवस काढा हो.

शाळेत कळवायचं होतं, खारूला गाडीत बसवू नका. गेटने लाइन सोडलीच नाही. ठेवला की वाजतो.

आधीच बाहेर जाऊन उभा राहणार होतो. काठी घेतली, चपला घातल्या आणि – गाडीचा हॉर्न. लवकर आली. निघूनही गेली.

फोन वाजतोय.

एका हाताने लिहितोय. लेकीला कळायला हवं. फोनवर खारू आहे. म्हणते, आजोबा, उघडा ना, आजी आलीय, माझं दप्तर पण तिने घेतलंय. मी म्हटलं, बाळा, तिचा हात सोड आणि समोरच्या शिंपीकाकांकडे पळ. ती म्हणते, सुटत नाहीये.

मग ती. म्हणते, मला सवय आहे थांबायची. पण पोरीला ऊन लागतंय.

बोट नऊवर आहे. पोर बाहेर आहे, उघडायलाच हवं –

हॉलच्या खिडकीतून पाहिलं. खारू टाचा उंचावून उभी आहे. हात डोक्याच्या वर, पार ताणलेला. वर कुणीतरी धरलेला.

माझी बायको ठेंगणी होती. माझ्या खांद्याला लागायची.

नाही दाबणार. मीच जातो, काठी आहे, गेटच्या सळ्यांतून तिला ओढून – लेकी, मी उघडलं नाही, हे लक्षात ठेव, मी –

खारू म्हणते, आजोबा, आजी म्हणते तुम्ही नका त्रास घेऊ, आतले उघडतील.

पायरी करकरली नाही. ते वरच आहेत. लाइनवर श्वास. वरचा फोन कुणीतरी उचलला –

नऊचा सूर वाजला. माझं बोट अजून –