कप फायनल आणि पप्पांची ढाबळ

१७ एप्रिल
मी छतावरच्या ढाबळीत गेले की आमचा फुटबॉल क्लब गोल का करतो? उत्तर मला येत नाही. मागच्या फेरीत पप्पांच्या कबुतरांना दाणे टाकायला चढले, गोल. काल सेमीफायनलला पाणी ठेवायला चढले, पुन्हा गोल. सदतीस वर्षांनी आम्ही जर्मन कपच्या फायनलमध्ये. घरातली पहिली पदवीधर, तीही संख्याशास्त्राची, म्हणून लिहून ठेवते: योगायोग.

२ मे
क्लबच्या सोडतीत फायनलची दोन तिकिटं लागली. पप्पा आणि मी बर्लिनला! ऑगस्टपासून हॅम्बुर्गची नोकरी आणि खोलीही पक्की. अंधश्रद्धेपासून साडेतीनशे किलोमीटर दूर.
पप्पा म्हणाले, "मग ढाबळीत कोण बसणार?" मी हसले. ते हसले नाहीत.

९ मे
स्वयंपाकघरात तक्ता लावून चाळीस मिनिटं योगायोग समजावला. शेजारचे एगॉन काका शेवटपर्यंत ऐकत होते. म्हणाले, "पटलं, प्रोफेसरीणबाई. पण तू वर असलीस की गोल होतो ना?"
निम्मं पटलंय. प्रगती आहे.

१६ मे
पप्पांनी सॉसेज ताटात तसंच ठेवलं. म्हणाले, "मागची फायनल हरलो तेव्हा मी तुझ्या वयाचा होतो गं." मी ठाम.

२२ मे
शांतपणे विचार केला. दोन नोंदी अपुऱ्या. तिसरी घेतल्याशिवाय यांना खोटं कसं पाडणार? म्हणजे ढाबळीत बसणं हे शास्त्राचंच काम. तिकीट काकांना दिलं. तात्पुरतं.

२४ मे, रात्री ८.३०
ढाबळीत. नोंद शुद्ध राहावी म्हणून मोबाईल खाली ठेवलाय. गल्लीत आरडाओरडा. १-० असणार. योगायोग.

९.२०
पायांना मुंग्या आल्या म्हणून उतरत होते. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर असताना खालून मम्मी ओरडली, "बरोबरी केली त्यांनी! कुठे निघालीस? चढ वर!"
चढले.

९.४४
पुन्हा आरडाओरडा. २-१. कबुतरं अंगावर. हलणार नाही.

९.५५
कप आमचा! एका कबुतराचा मुका घेतला.

२५ मे
पप्पा आले. घसा पार बसलाय. मला मिठी मारून म्हणाले, "पोरी, अशी मॅच आयुष्यात एकदाच बघायला मिळते." काकांनी तिकिटाचा तुकडा मला आठवण म्हणून दिला.
तीन नोंदीही तशा कमीच. नवा मोसम ऑगस्टमध्ये सुरू होतो.
हॅम्बुर्गला सकाळीच नकार कळवला. ढाबळीत उशी नेऊन ठेवली.