सुकाणूवरचा चेहरा

प्रिय सुनंदा,

आज लिहायला बसलो, कारण सकाळी शेजारच्या लता काकूंशी माझं वाजलं, आणि अशा वेळी "जाऊ दे रे" म्हणणारं घरात कुणी नाही.

शनिवारपासून श्रूजबरीच्या लायब्ररीत आपलं चित्र लागणार आहे. तेच, गॅरेजमधलं. खडकावर फुटलेलं शिडाचं जहाज आणि लाटांतून त्याच्याकडे निघालेली बचावाची होडी. सगळं झालंय. फक्त होडीच्या मागच्या टोकाला सुकाणू धरून उभ्या असलेल्या बाईला चेहरा नाही. (त्या काळी सुकाणूवर बाई नसे, ठाऊक आहे मला. माझ्या होडीत आहे!) तो चेहरा तुझा व्हायचा होता. त्याआधीच तू गेलीस.

काकू म्हणाल्या, "श्रीधर, तसंच राहू दे ना. रिकामी जागा बघून लोकांना भरून येईल."

"काकू, लोकांना भरून यावं म्हणून मी अर्धवट चित्र टांगणार नाही!"

चहा तसाच ठेवून गेल्या. उद्या फोन करून माफी मागेन. आवाज चढवल्याबद्दल, म्हणण्याबद्दल नाही.

बॉस्टनच्या म्युझियममधली ती दोनशे वर्षांपूर्वीची वादळाची चित्रं आठवतात? मी आपला तुला ऐकवत होतो, आभाळ कसं फाडलंय, ढगांतून उजेड नेमका बुडणाऱ्यांवर कसा पाडलाय. तू शांतपणे विचारलंस, "अरे, पण वाचवायला निघालेल्यांना तोंडंच नाहीत का?"

खरंच नव्हती! नुसते काळे फटकारे. मी आर्ट स्कूलची पायरी चढलेलो नाही, जे आलं ते बघून बघून आलं. पण जुन्या उस्तादांची ही चूक आपण सुधारायची, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

मग तू गॅरेजमध्ये स्टुलावर उभी, हातात सुकाणू म्हणून बर्फ काढायचं फावडं. "हे वल्हवणारे उलटे का बसवलेस?" उलटेच बसतात गं. वल्हवणाऱ्याचं तोंड मागच्या किनाऱ्याकडे. आपण कशात शिरतोय, ते त्याला दिसतच नाही. दिसतं फक्त सुकाणूवरच्या माणसाला, आणि बाकीचे त्याचा चेहरा वाचत वल्ही मारतात. तो चेहरा नाही, तर चित्र कसलं?

फोटोंवरून काढायला गेलो. एकही कामाचा नाही! गणपतीत हसतेस, नायगऱ्याला हसतेस, इराच्या ग्रॅज्युएशनला तर डोळे मिटून हसतेस. एकदा तरी न हसता फोटो काढायला काय झालं होतं? इरा म्हणते, "बाबा, जस्ट पेंट हर स्मायलिंग. शी वुड लव्ह इट." वादळात सुकाणू धरून कोण हसतं? आणि समोर बसवल्याशिवाय मी कुणाच्या बोटाचं नखसुद्धा काढत नाही, तुला माहीत आहे.

काकू गेल्यावर ब्रश धूत होतो, तेव्हा हॉस्पिटलची ती खोली आठवली. डॉक्टरांनी तुझा स्कॅन स्क्रीनवर लावला, आणि मी खुर्ची फिरवून तुझ्याकडे तोंड करून बसलो. मला ते बघवेना. तू मात्र सरळ समोर बघत होतीस. ओठ मिटलेले, डावी भुवई जराशी वर. किती वाईट आहे, ते मला डॉक्टरांनी सांगितलंच नाही, सुनंदा. ते मी तुझ्या चेहऱ्यावर वाचलं. आणि नजर न हलवता तू त्यांना म्हणालीस, "बरं. आता पुढे काय करायचं, ते सांगा."

त्या दिवशी तुझ्याकडे जितकं बघितलं, तितकं मी कुठल्याच मॉडेलकडे बघितलेलं नाही.

तेव्हा आज काढतोय. गोड करणार नाही, तरुण करणार नाही. कपाळावरची आठी ठेवीन, डोळ्यांखालचं काळंही ठेवीन. ढगांतला उजेड बुडणाऱ्यांवरून काढून तुझ्या तोंडावर आणीन. उस्ताद रागावले तर रागावोत. शनिवारी रंग ओला असेल, पण चित्र पुरं असेल. माझा शब्द आहे.

तू समोर बघ. मी वल्हं सोडत नाही.

तुझाच,
श्रीधर